पुण्यातून अस्वल बघायला जायचंय? कुठे, कधी आणि काय शोधायचं

आधीच सांगतो, शिकारीचा विषय आपल्याकडे संपलाय. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे बंदूक डोक्यातून काढा आणि कॅमेरा घ्या. पण अमेरिकेत ब्लॅक बेअरची शिकार करणारे जागा आणि वेळ कशी ठरवतात ते वाचलं की आपल्या कामाचं बरंच सापडतं. ते लोक अस्वल शोधतच नाहीत, त्याचं खाणं शोधतात. तिकडे हिवाळी झोपेआधी शरद ऋतूत अस्वल दिवसरात्र चरत असतं, मग ओकची फळं कुठल्या डोंगरावर पडलीत ते बघायचं आणि तिथेच बसायचं.

आपलं अस्वल हिवाळ्यात झोपत नाही, वर्षभर फिरतं, म्हणून आपल्याला कॅलेंडर जरा मोठं लागतं. थंडीत बोरं. मार्च-एप्रिलला मोहफुलं. मग मेपर्यंत टेंभरं आणि जूनला जांभळं, आणि वाळवी तर बारा महिने. यातला मोहाचा सीझन नीट समजून घ्या, कारण फुलं रात्री उशिरा ते पहाटे गळतात आणि उजाडलं की गावातले लोक टोपल्या घेऊन वेचायला येतात, म्हणजे अस्वलाला जे काही खायचंय ते त्याच्या आधी. त्यामुळे सकाळच्या सफारीला गेट उघडल्याउघडल्या आत शिरणारी पहिली-दुसरी जिप्सी तुमची असली पाहिजे, आठ वाजता मोहाखाली जाऊन काही उपयोग नाही. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र दुपारची सफारी घ्या आणि पाचच्या पुढे पाणवठा सोडू नका, ड्रायव्हर वाघाच्या कॉलमागे (वाघ जवळ असल्याचा इशारा देणाऱ्या प्राण्यांच्या आवाजामागे) पळायचं म्हणाला तरी. हे भांडण प्रत्येक ट्रिपला होतंच, आधीच ठरवून घ्या.

माझ्या मते सगळ्यात भारी आणि सगळ्यात दुर्लक्षित वेळ म्हणजे जूनचा दुसरा पंधरवडा. एक-दोन पाऊस झालेले असतात, माती मऊ, वाळवी वर आलेली, आभाळ भरलेलं, त्यामुळे अस्वल भर दिवसासुद्धा वारूळ उकरताना दिसू शकतं. ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, 1 जुलैपासून तीन महिने बंद होतो, त्यामुळे हे दिवस हातचे घालवू नका.

आता खुणा. वारूळ बाजूने फोडलेलं असेल आणि आतली माती अजून ओलसर, गडद दिसत असेल तर काम ताजं आहे, वाळून फिकट पडली असेल तर सोडा. पंजाच्या ठशात पाच बोटं जवळपास एका ओळीत आणि नखांच्या खुणा त्यांच्या बऱ्याच पुढे उमटतात, मागचा पाय तर अनवाणी माणसाच्या पावलासारखा वाटतो. विष्ठेत बिया असतात, त्यावरून सध्या काय खाणं चाललंय ते कळतं आणि पुढचं झाड कुठलं शोधायचं तेही. आणि जिप्सीचं इंजिन बंद करायला सांगा. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं आणि तो फुर्र-फुर्र आवाज शांत जंगलात शंभर मीटरवरून सहज येतो, बऱ्याचदा दिसायच्या आधी ऐकू येतं.

जागा. सह्याद्रीत कोयना, चांदोली, राधानगरी इथे अस्वल आहे पण जंगल इतकं दाट की दिसेल याची खात्री कोणी देणार नाही. सायटिंगच हवं तर आझाद हिंदने नागपूर गाठा आणि तिथून ताडोबा, मंगळवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. वीकेंडला जोडून एक दिवस सुट्टी मिळणार असेल तर हंपीजवळचं दरोजी, कोल्हापूर-बेळगाव-हुबळी-गदग असा रस्ता. 1994 पासून खास अस्वलांसाठीचं अभयारण्य आहे, वनखात्याचे लोक खडकांवर गूळ-मध लावत आलेत आणि दुपारनंतर अस्वलं डोंगरावरून उतरतात, तुम्ही मनोऱ्यावरून बघायचं. काहींना हे फसवणुकीसारखं वाटतं. अमेरिकेतही आमिषावरून हाच वाद आहे, मेन राज्यात चालतं, कोलोराडोत 1992 पासून बंद. मला विचाराल तर लहान मुलांना घेऊन जाताय तर दरोजीच बरं, फक्त दुर्बीण न्या, अंतर बरंच असतं.

बफरमधल्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांजवळ पायी फिरायची हौस असेल तर स्थानिक गाईडशिवाय अजिबात नको. विदर्भात मोहफुलं-तेंदूपत्ता वेचणाऱ्यांवर दरवर्षी हल्ले होतात, कारण अस्वलाची नजर अधू, खाली मान घालून खाण्यात गुंग, आणि माणूस एकदम समोर आला की पळायच्या ऐवजी अंगावर येतं. म्हणून बोलत चाला, झुडपांच्या वळणावर आवाज करा. पाठीवर पिल्लं असलेली मादी दिसली तर फोटोबिटो विसरून आल्या वाटेने मागे.

फोटोचं एकच: काळं जनावर बघून कॅमेरा फ्रेम उजळ करायला जातो आणि केस राखाडी येतात, त्यामुळे एक्सपोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली ठेवा. उन्हाळ्याचं बुकिंग दोन-तीन महिने आधी करा, वीकेंडच्या जिप्सी पटकन जातात.