जुन्या शाईपेनात शाई भरते कशी? आधी ओळखा, मग तपासा, मगच भरा

मे महिन्यात पावसाची बेगमी सुरू झाली की आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात माळा रिकामा केला जातो. एका वर्षी पत्र्याच्या ट्रंकेत, खरेदीखतांच्या आणि जुन्या पावत्यांच्या तळाशी, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली पाच शाईपेनं निघाली. आत्या म्हणाली, "बाबांची पेनां ती. जपान हाताळ." मी जपून हाताळली नाहीत. एका पेनाच्या कुशीला सोनेरी लिव्हर होता. तो नखाने उचलला आणि आतून पापड मोडल्यासारखा आवाज आला. कित्येक वर्षं सुकत पडलेल्या रबरी ट्यूबचे आत तुकडे झाले होते आणि तिला दाबणारी पोलादी पट्टीही वाकली होती.

त्या दिवसापासून मी एक क्रम पाळतो. पेन कसं भरतं ते आधी ओळखायचं, मग साध्या पाण्याने तपासायचं आणि शाईची बाटली अगदी शेवटी उघडायची. तोच क्रम इथे देतो.

पहिली पायरी: नुसतं बघा

खिडकीपाशी उजेडात बसा. खाली पांढरं फडकं अंथरा म्हणजे सुटा झालेला बारीक भाग हरवणार नाही. पेन हातात फिरवून तीन जागा बघायच्या: कूस म्हणजे अंगाची बाजू, शेपूट म्हणजे निबेच्या उलटं टोक आणि मान म्हणजे निब बसते तो पुढचा भाग.

कुशीला पेनाच्या लांबीच्या दिशेने धातूची पट्टी बसवलेली असेल तर ते लिव्हरचं पेन. पट्टीऐवजी अर्धचंद्रासारखी कडी बाहेर आलेली असेल तर ते कॉन्क्लिन या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीचं. ती कडी दाबली की आतली ट्यूब दाबली जाते. या कडीमुळे पेन टेबलावरून गडगडत नाही, म्हणून अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने त्याची तारीफ केली होती.

कूस स्वच्छ असेल तर शेपटाकडे बारीक रेघ शोधा. रेघ असली तर तिथे छोटी टोपी आहे. ती निघून आत पितळी बटन दिसलं तर बटनाचं पेन, खाली-वर होणारा दांडा दिसला तर पंपाचं. टोपी निघत नाही, पण जागच्या जागी फिरते आणि आत काहीतरी सरकतं, तर पिस्टन. तसं वाटलं तर लगेच थांबा, कोरडा पिस्टन फिरवू नका.

यांपैकी काहीच नसेल तर पेन मानेपाशी उघडा. आत नुसती पोकळी असेल तर ड्रॉपरचं. धातूच्या पिंजऱ्यात ट्यूब असेल तर दाबपट्टीचं, ज्याला पार्करने एरोमेट्रिक म्हटलं. मान फिरत नसेल तर जोर लावू नका. आटे सुकलेल्या शाईने धरलेले असतात आणि चिमट्याने ओढाल तर पेन मधोमध तडकतं.

दुसरी पायरी: धुणं

साधं, कोमट नसलेलं पाणी. जुनी काळी पेनं बहुधा एबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराची असतात. गरम पाण्यात किंवा रात्रभर भिजत ठेवलं तर त्यांचा काळा रंग शेवाळी तपकिरी होतो आणि तो परत येत नाही. रंगीत, शिंपल्यासारखं चमकणारं पेन सेल्युलॉइडचं असू शकतं. ते घासलं की कापराचा वास येतो आणि ते पटकन पेट घेतं. त्याला चुलीपासून आणि स्टोव्हपासून लांब ठेवा. निब आणि तिच्या खालची जीभ वाटीतल्या पाण्यात बुडवा, पाणी निळं झालं की बदला, इतकंच. आमच्या पाचांतलं एक पेन चौथ्या दिवशीही निळं पाणी सोडत होतं.

ड्रॉपरचं पेन

आपल्याकडच्या घरांत सगळ्यात जास्त सापडतं ते हेच. यात यंत्र असं काही नाही. पेनाचं अंग हीच शाईची दौत. आंध्रातल्या राजमहेंद्रीत 1930च्या दशकापासून बनणारी रत्नम् पेनं याच घराण्यातली. मोडणारा भाग नाही, गंजणारा भाग नाही, आणि शाई तीन मिलीच्या आसपास मावते. खाऱ्या वाऱ्यात टिकायला याहून बरी पद्धत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

भरताना मानेचे आटे पुसून कोरडे करा. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. व्हॅसलीन नको, रबराला ते मानवत नाही. खोबरेल तर मुळीच नको. घरात हाताशी असतं म्हणून लावावंसं वाटतं, पण ते खवट होतं आणि शाईत उतरून निबेचा प्रवाह अडवतं. ड्रॉपरने शाई आट्यांच्या किंचित खालीपर्यंत सोडा, मान बसवा, निब वर करून दोन मिनिटं उभं ठेवा.

या पेनाचा एक दोष मात्र समजून घ्यायला हवा. शाई अर्ध्याच्या खाली गेली की पेनात हवा जास्त होते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते. मग लिहिता लिहिता टपकन थेंब पडतो. उपाय सोपा आहे. पेन रिकामं होण्याची वाट न बघता अर्ध्यावर आलं की भरा.

लिव्हर आणि बटन

अमेरिकेत आयोवामधल्या फोर्ट मॅडिसनच्या वॉल्टर शेफर या जवाहिऱ्याने 1908 मध्ये लिव्हरचं पेटंट घेतलं. लिव्हर उचलला की पोलादी पट्टी रबरी ट्यूबला दाबते आणि हवा बाहेर जाते. लिव्हर सोडला की ट्यूब फुगते आणि शाई ओढते. बटनाच्या पेनात तीच पट्टी शेपटाकडून दाबली जाते, बाकी फरक नाही.

खरी अडचण ट्यूबची असते. जुनं रबर एकतर काचेसारखं कडक होतं किंवा चिकट गोळा होऊन आतल्या भिंतीला लागतं. म्हणून लिव्हरला हात लावण्याआधी ट्यूब बदलायचीच, असं धरून चाला.

या पेनांची मान बहुधा आट्यांची नसते, दाबून बसवलेली असते. केस वाळवायच्या ड्रायरने जोडावर लांबून थोडी ऊब द्या. हाताला सोसेल इतकीच. मग मान पिरगळण्याऐवजी डावी-उजवी हलकेच डुलवत बाहेर काढा. जुन्या ट्यूबचे तुकडे काढा, मानेचं टोक खरवडून स्वच्छ करा. नव्या ट्यूबचा नंबर इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. 16 नंबर म्हणजे 16/64, म्हणजे पाव इंच जाडीची. ट्यूब पेनाच्या शेजारी धरून कापा, ती शेपटाला टेकता कामा नये.

चिकटवायला लाख. सावंतवाडीच्या लाखकामामुळे हा शब्द आपल्याकडे नवा नाही. सुतार पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवतात तोच चपडा, जरा दाट. मानेच्या टोकाला पातळ थर द्या, ट्यूबचं तोंड ताणून वर चढवा आणि रात्रभर वाळू द्या. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, कारण ही ट्यूबही कधीतरी म्हातारी होणार आणि लाख तेव्हा उबेने सुटते. ट्यूबवर बिनवासाची टाल्क पावडर चोळा आणि पेन जोडा. पोलादी पट्टीवर गंज दिसला तर तो आधी काढा. किनाऱ्यालगतच्या घरात तो असतोच.

भरताना निब पूर्ण बुडवा, लिव्हर सावकाश उचला, सोडा आणि दहापर्यंत मोजा. त्याआधी बाहेर काढलं तर अर्धी ट्यूब हवेनेच भरते. एवढं करून शाई मावते एक मिलीच्या अलीकडेपलीकडे.

पंपाचं पेन

पार्करचं व्हॅक्युमॅटिक 1933 चं. त्यात ट्यूब नाही, शेपटाशी रबराचा पातळ पडदा आहे. दांडा दाबला की पडदा हवा ढकलतो, सोडला की तेवढी शाई आत येते. एका दाबात भरत नाही, आठ-दहा वेळा दाबावं लागतं. उजेडात धरल्यावर अंगावरच्या आडव्या पट्ट्यांमधून शाईची पातळी दिसते, हे त्याचं सौंदर्य. पडदा बदलायला खास हत्यार लागतं. हे काम घरी करू नका, जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे द्या.

शेफरची 1952 ची स्नॉर्केलही तशीच. निबेखालून बारीक नळी बाहेर येते आणि नुसती ती नळी शाईत बुडवायची असते. आतल्या सगळ्या रबरी रिंगा बदलल्याशिवाय ते भरत नाही.

एरोमेट्रिक

पार्कर 51 विक्रीला आलं 1941 मध्ये, पंपासह. 1948 पासून त्यात दाबपट्टीची पद्धत आली. शेपटाकडे रेघ असेल तर जुनं, नसेल तर 1948 नंतरचं. ही ट्यूब रबराची नाही, प्लास्टिकची आहे, आणि इथेच सगळा फरक पडतो. शाईने काळी झालेली ट्यूब बाहेरून मेलेली वाटते, पण पाण्यात धरून पट्टी दाबा, बहुतेक वेळा बुडबुडे येतात. आजोबांच्या पाच पेनांतलं एक असं होतं. चार दिवस धुतल्यावर त्याच जुन्या ट्यूबने पाणी ओढलं.

भरायची रीत ट्यूबवरच्या पिंजऱ्यावर लिहिलेली असते: निब खाली धरून पट्टी सहा वेळा दाबा. ट्यूबच्या आत एक बारीक श्वासनळी असते, तिच्यामुळे प्रत्येक दाबाला शाई साठत जाते. एकदाच दाबून सोडून दिलं तर पेन अर्धं राहतं आणि "हे भरत नाही" असा उगाच समज होतो. पाऊण ते एक मिली मावते.

झाकलेल्या निबेची चिनी हीरो 616 पेनंही अशीच भरतात. ती सापडली तर टाकून देऊ नका. हात बसवायला त्याहून चांगलं पेन नाही.

पिस्टन

पेलिकन या जर्मन कंपनीने 1929 मध्ये आणलेली ही पद्धत. शेपूट फिरवलं की आतला दट्ट्या खाली जातो, उलट फिरवलं की शाई घेऊन वर येतो. दीड-दोन मिली मावते आणि हाताला ती फिरकी फार गोड लागते. जुन्या पेनांत दट्ट्याला बुचाची गादी असे, ती सुकली की आकसते. म्हणून निबेकडून पाण्याचे थेंब सोडून एक-दोन दिवस थांबा आणि मगच अर्धा वळसा फिरवून बघा. अडलं की सोडून द्या.

पाण्याची चाचणी

आता तुलना. औषधाची पाच मिलीची सिरिंज घ्या, सुई नको. पेनात पाणी भरा, वाटीत रिकामं करा, सिरिंजने ओढून आकडा वाचा. तीनदा करा. तिन्ही वेळा आकडा जवळपास सारखा आला तर यंत्रणा धड आहे. दर वेळी कमी होत गेला तर कुठेतरी हवा शिरते आहे. मग पेन पाण्याने भरून निब खाली करून टिपकागदावर रात्रभर उभं ठेवा. सकाळी निबेखालचा डाग आणि जोडावरचा ओलावा बघा. जोड ओला असेल तर शाई भरायची घाई नको.

शाई, घाट आणि पाऊस

शाई साधी, शाळेतली निळी. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये सुरू केलेल्या कॅम्लिनची कॅमल शाई आपल्या ओळखीची आहे. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई कधीच नको. तिच्यात लाख असते आणि ती जिभेच्या बारीक खाचांत कायमची बसते. बाटली उघडल्यावर कुबट वास आला किंवा वर साय दिसली तर ती बुरशी आहे. ती बाटली फेकायची, गाळून वापरायची नाही.

घाट चढताना हवेचा दाब उतरतो. वेंगुर्ल्याहून साधारण 690 मीटर उंचीच्या आंबोलीला पोचेपर्यंत तो सुमारे आठ टक्के कमी होतो. अर्ध्या रिकाम्या ड्रॉपर पेनातली दीड मिली हवा तेवढ्याने फुगते आणि दोन-तीन थेंब शाई बाहेर ढकलते. माझा एक पांढरा सदरा असाच गेला. निघताना पेन काठोकाठ भरा नाहीतर पूर्ण रिकामं करा, आणि खिशात निब वरच ठेवा. निब वर असली की फुगलेली हवा निघून जाते, शाई जागेवर राहते.

पावसाळ्यात हवाबंद डब्यात पेनं एकत्र कोंबू नका. रबरातून सुटणारा गंधक फिकट सेल्युलॉइड काळवंडवतो. सुती फडक्यात वेगवेगळी गुंडाळून वरच्या खणात ठेवा.

पहिलंच जुनं पेन घ्यायचं असेल तर एरोमेट्रिक घ्या. रोज लिहायला ड्रॉपरचं. माझी ती पाचही पेनं आता चालतात. ड्रॉपरची दोन आणि 51 वर्षभर भरलेली असतात, पंपाचं पडदा बदलून आलं आहे. लिव्हरचं पेन मात्र मी मृगाआधी धुऊन रिकामं करतो आणि नारळी पौर्णिमा उलटून उघडीप पडली की पट्टीवर गंज नाही ना ते बघून त्यात पुन्हा शाई भरतो.