सेंटर बेअरिंग बदलताना: आधी खूण, मग नंबर

जुन्या रिअर-व्हील-ड्राइव्ह स्पोर्ट्स कारचं सेंटर बेअरिंग (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टला मधोमध पेलणारं) घुमायला लागलं, की अख्ख्या असेंब्लीचा भाव ऐकून छातीत धस्स होतं. भोवतालचं रबर शाबूत असेल, तर पुष्कळदा नुसतं बेअरिंग बदलून भागतं.

१. प्रोपेलर शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँज (बोल्ट लागतात ती चकती) आणि जॉइंटवर समोरासमोर टोकदार पंचाने ठिपके मारा; शाफ्टचे दोन तुकडे जुळतात त्या स्प्लाइनपाशीही (दातेरी जोड). रंगाची खूण डिझेलने धुताना हमखास जाते, आणि शाफ्ट फिरवून बसला की गाडी थरथरते.

२. बेअरिंग पुसून कडेवरचा नंबर पूर्ण टिपा. उदाहरणार्थ, ६२०६ म्हणजे आतला व्यास ३० मिमी (शेवटचे दोन अंक गुणिले ५), बाहेरचा ६२, रुंदी १६. पुढचं '२आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, 'सी३' म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक. ही अक्षरंही जुळलीच पाहिजेत.

३. जुना नग घेऊनच पुण्यातल्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात जा.

४. नवं बेअरिंग शाफ्टवर ठोकताना पाइप आतल्या रिंगवरच टेकवा.

नवं बेअरिंग शाफ्टवर हाताने सहज सरकलं, तर शाफ्टची बैठक झिजली आहे. पंच मारून ती घट्ट करून घेऊ नका, शाफ्टच बदला.