माशांच्या हौदात उपयोगी जिवाणू कसे वाढवावेत आणि कसे जपावेत

हौदाचं पाणी तळाचा दगड दिसेल इतकं नितळ, आणि तरीही मासे वर येऊन तोंडाची उघडमीट करताहेत. नवा हौद भरल्यावर पहिल्या महिन्यात असं अनेकदा होतं, कारण विषारी अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. मासे तो कल्ल्यांवाटे सतत सोडतात. उरलेलं खाद्य आणि कुजणारी पानं त्यात भर घालतात. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते घालवतं. मग नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात आणि पाणवनस्पती शोषून घेतात.

हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारच थोडे असतात. फिल्टरचा स्पंज, दगड, हौदाच्या भिंती अशा पृष्ठभागांना ते चिकटून राहतात. पुढची सगळी कामं याच गोष्टीवर बेतलेली आहेत.

१. आधी त्यांचं घर बांधा

फिल्टरमध्ये जाड स्पंज, बायो बॉल (खाचाखोचांचे प्लास्टिकचे गोळे) किंवा सच्छिद्र लाव्हा दगड भरा. जितका पृष्ठभाग जास्त, तितके जिवाणू जास्त. पाणी आधी गाळ अडवणाऱ्या थरातून आणि मग या भागातून जाऊ द्या, नाहीतर छिद्रं चिखलाने बुजतात. प्राणवायूही भरपूर लागतो: अमोनियातल्या १ ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार ग्रॅम. त्यामुळे पंप रात्रंदिवस चालू हवा. छोटा धबधबा किंवा एअर पंप असेल तर उत्तमच.

२. क्लोरीन काढा

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं, ते आपल्या जिवाणूंनाही सोडत नाही. साधं क्लोरीन पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवल्यावर उडून जातं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) मात्र तसं जात नाही. तुमच्या पाण्यात काय आहे याची खात्री नसेल, तर क्लोरामाइनवरही चालणारं क्लोरीनरोधक औषध वापरा.

३. बीज घाला आणि धीर धरा

सगळ्यात चांगलं विरजण म्हणजे निरोगी मासे असलेल्या जुन्या हौदातला वापरलेला स्पंज. तो ओलाच आणून लगेच नव्या फिल्टरमध्ये बसवा. बाटलीतले जिवाणू घेणार असाल, तर लेबल नीट वाचा. पुष्कळशा बाटल्यांत बॅसिलस असतात. ते गाळ कुजवायला मदत करतात, पण अमोनियाचं नायट्रेट करण्याचं काम त्यांच्यावर सोपवता येत नाही. त्यासाठी नायट्रीकरण करणारेच जिवाणू हवेत. ते बीजाणू (दीर्घकाळ टिकणारी सुप्त रूपं) तयार करत नाहीत, म्हणून बाटली ताजी आणि थंड जागी ठेवलेली असावी. हौदाला जंतू-शेवाळ मारणारा अतिनील दिवा असेल, तर ते घालताना तो काही दिवस बंद ठेवा.

नुसते जिवाणू सोडून भागत नाही, त्यांना अमोनिया मिळायला हवा. दोन-तीन काटक मासे सोडा आणि दिवसाआड चिमूटभर खाद्य द्या. हे जिवाणू फार सावकाश वाढतात, संख्या दुप्पट व्हायला अनेकदा एक दिवस किंवा त्याहून अधिक लागतो. बीज नसेल तर घडी बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, थंडीत आणखी जास्त.

४. पाणी तपासा, आणि दुपारनंतर तपासा

टेस्ट किटशिवाय या काळात हौद सांभाळू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढतं. दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिली, तरच नवे मासे आणा, तेही एका वेळी थोडेच.

तपासणी दुपारनंतर का? शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कतेचं माप) चढतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला १ टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो सुमारे ५ टक्के होतो आणि ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. सकाळी निभावून जाणारं पाणी संध्याकाळी माशांना मारू शकतं.

आकडा चढला तर खाद्य थांबवा आणि पाव भाग पाणी रोज बदला. नायट्राइट वाढलं असेल तर दर १००० लिटरला १ किलो साधं, काहीही न मिसळलेलं मीठ विरघळवून थोडं थोडं घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

५. घडी बसल्यावर

फिल्टर नळाखाली धुऊ नका. मी सुरुवातीला स्पंज नळाखाली अगदी स्वच्छ होईपर्यंत धुतला होता. चार दिवसांत अमोनिया पुन्हा चढला आणि दोन मासे गेले, त्याचं आजही वाईट वाटतं. हौदाचंच पाणी बादलीत घेऊन स्पंज त्यात हलकेच पिळा, आणि एका वेळी अर्धाच भाग साफ करा.

जिवाणू पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल झेलून पीएच टिकवण्याची ताकद, हीही खर्च करतात, त्यामुळे जुन्या हौदात पीएच हळूहळू घसरतो आणि ६ च्या आसपास त्यांचं काम जवळजवळ थांबतं. ती भरून काढायला जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा चुरा भरून ती फिल्टरमध्ये ठेवा. माशांना प्रतिजैविक द्यायची वेळ आली, तर शक्य तेव्हा ते वेगळ्या टाकीत द्या.

वीज काही तास गेली, तर बंद फिल्टरमधला प्राणवायू संपतो आणि आतलं पाणी सडू लागतं. पंप पुन्हा लावण्याआधी ते साचलेलं पाणी बाहेर ओतून टाका, स्पंज हौदाच्या पाण्यात हलवून घ्या आणि पुढचे ३-४ दिवस रोज अमोनिया मोजा.