पावसाळ्यात अडकणारी मांजराची झडप: माझा अनुभव

फोंड्यात पाऊस लागला की मागच्या लाकडी दारातली मांजराची झडप (मांजराला ये-जा करायला दारात बसवलेलं छोटं झुलतं दार) अर्धीच उघडायची. बिजागरीला तेल घातलं, झडपेच्या कडा घासल्या, पुन्हा तेच. रात्रभर दाराशी म्याँव म्याँव, डोकं उठायचं!

कारण असं: झडपेसाठी दारात पाडलेल्या भोकाच्या कापलेल्या उघड्या कडेतून लाकूड दमटपणा शोषतं, फुगतं आणि झडपेची प्लास्टिकची चौकट दाबतं.

स्क्रू काढून चौकट बाहेर घेतली. भोक चारही बाजूंनी ३ मिमी वाढवलं (चौकटीची पट्टी फट झाकते). पंखा लावून लाकूड पूर्ण सुकवलं, इथे घाई नकोच. मग कापलेल्या कडांना वार्निशचे दोन हात, मधे नीट वाळवून. चौकट परत बसवून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू हलकेच आवळले. जास्त पिळले तर ती वाकते. शेवटी बाहेरून सिलिकॉन, खालची कड सोडून, म्हणजे आत गेलेलं पाणी निघून जातं.