समुद्राची ओळख करून देणारे स्वयंसेवक व्हायचंय? मुंबईत सुरुवात अशी करा

मुंबईच्या किनाऱ्यावर जिवंत प्रवाळं आहेत, हे अजून कित्येक मुंबईकरांना ठाऊक नाही. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं उचलून कुलाब्याला नेऊन लावली, तेव्हा अनेकांनी ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली. लोकांना हे दाखवायला माणसं हवी आहेत, आणि त्यासाठी प्राणिशास्त्राची पदवी लागतेच असं नाही.

१. आधी पाहुणे म्हणून जा. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र २०१७ पासून सुरू आहे. तिथे खारफुटी पाहता येते आणि रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) हंगामात ठाणे खाडीत बोटीने फिरता येतं. खडकाळ किनारा पाहायचा असेल तर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरी उपक्रमाच्या किनारा-सैरीला जा. खाडीचा चिखल आणि खडकातली डबकी ही दोन वेगळी जगं आहेत. तुमचं मन कुठे रमतं ते बघा आणि त्यातलं एकच निवडा.

२. भरती-ओहोटी शिका. प्राण्यांच्या नावांआधी हे. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं, आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, म्हणजे ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास. अष्टमीच्या भांगाला (म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीला) ओहोटी भर दुपारी सोयीची मिळते खरी, पण पाणी फारसं हटत नाही. म्हणून पहाटे उठायची तयारी असेल तरच नाव द्या. नेमकी वेळ मात्र छापील तक्त्यातच बघा.

३. दहा-पंधरा जीव नीट ओळखा. कालवं, तिसऱ्या, चिंबोरी, निवटी ही नावं मुलांच्या घरात बोलली जातात. तिथून सुरुवात केली की मुलं लगेच बोलू लागतात. कोळणींना विचारा. त्यांची माहिती पुस्तकाइतकीच मोलाची आहे, मला तर ती जास्त भरवशाची वाटते.

४. मग निवडलेल्या संस्थेला कळवा. महिन्यातले कोणते दिवस देऊ शकता, कोणत्या भाषा येतात, मुलांसोबत काम केलंय का, एवढं पुरे. मराठी उत्तम बोलता येत असेल तर ते आवर्जून लिहा. पालिकेच्या शाळेतल्या मुलांना समुद्र त्यांच्याच भाषेत सांगणारं कुणीतरी हवंच. सुरुवातीला नोंदणी, रांग, सामान अशी कामं मिळतील. ती मनापासून करा आणि अनुभवी स्वयंसेवक काय बोलतात ते ऐका.

५. किनाऱ्यावर शिस्त पाळा. बंद, घट्ट पकडीचे बूट घाला. कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका. पाणी फिरलं की गट लगेच मागे घ्या, कितीही सुंदर काही सापडलेलं असलं तरी. दगड उलटलात तर तो हळूच पूर्वीसारखा ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात. काहीही घरी न्यायचं नाही. प्रवाळांना तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पावसाळ्यात वाळूवर येणाऱ्या निळ्या फुग्यांना (ब्लू बॉटल) मेलेले दिसले तरी हात लावू देऊ नका, ते तेव्हाही डंख करतात. २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगावात पाकट माशांनी अनेकांना दंश केला होता. पाकटावर पाय पडू नये म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घसटत चालावं, ही साधी गोष्ट लोकांना तिथेच करून दाखवा.

६. नोंद ठेवा. दिसलेल्या प्रत्येक जीवाचा फोटो, जागा आणि वेळ त्याच दिवशी आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाका. नाव माहीत नसेल तर नावाचा रकाना रिकामा सोडा. तज्ज्ञ पाहून नाव सुचवतात, आणि पुढच्या सैरीला तुम्ही तो जीव नावानिशी दाखवू शकता.