‘ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट’ कुठं म्हणायचं, कुठं गिळायचं

जिल्हा न्यायालयातल्या स्टेनोच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी संध्याकाळी मुलाखतीला निघालेल्या पोरांचं इंग्रजी बघतो. ‘स्वतःबद्दल सांग’ म्हटलं, की कुणीतरी हटकून सुरू करतं : ‘ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट, माय नेम इज...’ अरे बाबा, तुझ्या नावावर कुणी हरकत घेतली होती का?

या शब्दांनी बोलण्याची सुरुवात करायची नाही. आधी समोरच्यानं काहीतरी विचारलेलं, म्हटलेलं किंवा गृहीत धरलेलं असावं लागतं. त्यावर तुमच्याकडे पक्की माहिती असेल, तरच हे तोंडातून काढायचं.

ती माहिती कधी समोरच्याच्या बोलण्यात भर घालते. ‘डू यू नो मिरज?’ असं कुणी विचारलं, तर ‘ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट, आय वॉज बॉर्न देअर.’ माहीत आहे का काय विचारता, जन्मच तिथला! कधी ती समोरच्याचा समज खोडते. ‘यू मस्ट बी टायर्ड.’ ‘ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट, आय ॲम नॉट.’ खोडताना मात्र जपून. साहेबांनी आकडा चुकीचा सांगितला आणि तुम्ही हे म्हणून दुरुस्त केलात, तर ‘तुम्हाला ठाऊक नाही, मी सांगतो’ असा वास त्याला येतो. तिथं नुसतं ‘आय थिंक’ म्हणावं.

‘खरं सांगायचं तर’ आलं की पोरं डोळे झाकून हेच घालतात. ‘खरं सांगायचं तर मला भीती वाटते’ ही कबुली झाली. तिला ‘टु बी ऑनेस्ट’ हवं. मराठीत ‘उलट’, ‘अहो, मी तर’ किंवा ‘वास्तविक’ बसत असेल, तर आपली जागा बरोबर आहे असं समजा.

हे शब्द मूळचे कोर्टातले, म्हणून माझा जीव त्यांच्यावर जरा जास्त. इंग्लंडच्या न्यायालयांत ‘मॅटर ऑफ फॅक्ट’ म्हणजे वस्तुस्थितीचा मुद्दा आणि ‘मॅटर ऑफ लॉ’ म्हणजे कायद्याचा. बांध कुणी सरकवला, ही वस्तुस्थिती. तोंडी वाटणी ग्राह्य धरायची का, हा कायदा. ही फारकत आपल्याकडेही आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १०० खाली उच्च न्यायालयात दुसरं अपील करायचं, तर कायद्याचाच महत्त्वाचा प्रश्न लागतो. बांधाचं रडगाणं तिथं सहसा कुणी नव्यानं ऐकत नाही.

बोलतानाही तीच कसोटी लावावी : जे पुराव्यानं दाखवता येईल, त्यालाच हे शब्द शोभतात. ‘ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट, पुणे इज बेटर दॅन मुंबई’ हे मत झालं. साक्षीदार कुठून आणणार?

‘फॅक्ट्स’ असं अनेकवचन करू नका, मधला ‘अ’ गाळू नका. वाक्याच्या सुरुवातीला आलं तर नंतर स्वल्पविराम. उच्चारात ‘ॲज अ’ पटकन उरकायचं आणि जोर ‘फॅक्ट’वर द्यायचा. एकेक शब्द सुटा करून ठासून म्हटलात, तर भांडायला उठल्यासारखं वाटतं.

‘मॅटर-ऑफ-फॅक्ट’ असं जोडरेघा देऊन लिहिलं, की ते विशेषण होतं आणि अर्थही सरकतो : भावनेचा लवलेश नसलेलं, कोरडं. खुनाच्या खटल्यात शवविच्छेदन करणारे डॉक्टर जखमांची लांबी-खोली ज्या आवाजात सांगतात, तो ‘मॅटर-ऑफ-फॅक्ट’ आवाज.

मुलाखतीत हे एकदा वापरलं तरी पुष्कळ. ‘सो यू हॅव नेव्हर वर्क्ड ऑन टॅली?’ असं विचारलं आणि तुम्ही खरोखर काम केलेलं असेल, तर ‘ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट, आय हॅव’ म्हणा आणि फाइलमधला अनुभवाचा दाखला लगेच पुढे करा.