ताशा, ढोल, हलगी वाजवणाऱ्यांनी कान कसे जपावेत

कोल्हापुरात विसर्जनाची मिरवणूक महाद्वार रोडवरून सरकत असताना बघ्यांच्या कानठळ्या काही मिनिटांपुरत्या बसतात. वादक मात्र तोच आवाज तासन्‌तास झेलतो, आणि त्याआधीचे कित्येक संध्याकाळचे सरावही त्याच खात्यात जमा होतात. त्यामुळे कानांची काळजी सरावाच्या पहिल्या दिवसापासून घ्यावी.

आवाजाची पातळी आणि वाजवण्याचा वेळ यांचा एकत्र हिशेब करावा. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा व आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतील 'नायोश' या संस्थेच्या शिफारशीनुसार दिवसाला ८५ डेसिबल आवाज ८ तास चालतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटेच उरतात. मोबाइलमधील ध्वनिमापक ॲप ढोबळ अंदाजासाठी पुरेसे आहे.

कानात कापसाचे बोळे घालण्याची रीत सोडून द्यावी, कारण त्यांनी आवाज फारसा अडत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारा फोमचा इअरप्लग बोटांनी बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. फोम वरच्या पट्टीचे स्वर अधिक दाबत असल्याने ताशाची धार बोथट वाटते व वादक वैतागून प्लग काढून टाकतो. अशांनी खास वादकांसाठी बनवलेले, सर्व स्वर जवळपास सारखेच कमी करणारे प्लग घ्यावेत. थोडे महाग असले तरी पैसे तिथेच घालावेत. त्यांची सवय सरावातच करावी, नाहीतर ऐन मिरवणुकीत लय चुकल्यासारखे वाटते.

स्पीकरच्या भिंतीसमोर पथक उभे करू नये. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर इतका फरक पडत नाही. तिथे आळीपाळीने वाजवणे हाच उपाय उरतो.

वाजवून झाल्यावर दडे बसले किंवा कानात शिट्टी वाजू लागली, तर सकाळपर्यंत ती थांबली म्हणून निर्धास्त राहू नये. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि ऱ्हास बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत, सुरू होत असल्याने बोलणे बराच काळ नीट ऐकू येत राहते. यासाठी हंगामापूर्वी व नंतर ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) काढून दोन्ही आलेख ताडून पाहावेत. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून तेल घालत न बसता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे; यावरील स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ते लागू पडण्याची शक्यता अधिक असते.